जन्मतारखेची स्पर्धा: अंडर-17 वर्ल्ड कप आणि सातवीतला मुलगा

प्रश्न असा आहे: "माझा मुलगा नोव्हेंबर 2012 चा, सातवीत आहे. फुटबॉलमध्ये विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने, खेळतो, चपळ आहे, पण अंगाने बारीक. शहरातली एक अकॅडमी म्हणते, साडेतीन लाख भरा, युरोपात आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळवतो, तिथून अंडर-17 वर्ल्ड कपचा रस्ता उघडतो. खरंच असा रस्ता असतो का? आणि त्या वर्ल्ड कपला खेळलेल्या मुलांचं पुढे काय होतं?"

साडेतीन लाखांचं आधी निकालात काढतो, कारण चेक कदाचित टेबलावर असेल. युरोपात उन्हाळ्यात मुलांच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा गोथिया कप 1975 पासून चालू आहे, डेन्मार्कमध्ये दाना कप आहे. स्पर्धा खऱ्या आहेत, चांगल्या आहेत, पोरांना मजा येते. पण त्या क्लबांच्या आणि अकॅडमींच्या स्पर्धा आहेत. प्रवेश फी भरली की संघ उतरतो. तिथे जर्सीवर तिरंगा छापला म्हणून तो भारताचा संघ होत नाही. भारताचा संघ म्हणजे ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनने निवडलेला संघ, आणि त्या निवडीला पालकांकडून पैसे घेत नाहीत. "इंडियाकडून खेळवतो" असं सांगून पैसे मागणारा माणूस दिसला की उठून यायचं. घरात पैसे असतील तर पोराला स्वीडन दाखवून आणा, माझी हरकत नाही. मात्र तो खर्च सहलीच्या खात्यात लिहा.

आता रस्ता. मी पंचवीसेक वर्षं मुलांना शिकवतोय. कोल्हापुरात सुरुवात केली, आता पुण्यात आहे. या काळात वर्ल्ड कपला जायची पद्धत बरीच बदलली, म्हणून आजची सांगतो. आशियातले बहुतेक देश आधी पात्रता फेरी खेळतात. त्यातून आलेले आणि थेट प्रवेश मिळालेले मिळून 16 संघ अंडर-17 आशिया कपला खेळतात आणि तिथले पहिले आठ वर्ल्ड कपला जातात. यजमान कतारची जागा वेगळी. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या पोरांनी अहमदाबादेत इराणला 2-1 हरवून 2026 च्या आशिया कपचं तिकीट काढलं. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. तो सामना तुमच्या मुलाला दाखवा. इराणला हरवणं म्हणजे काय, हे माझ्या पिढीच्या माणसाला विचारा.

भारतीय संघाच्या कॅम्पपर्यंत पोचायच्या वाटा मोजक्याच आहेत. एक, जिल्हा संघटना, तिथून राज्याची म्हणजे आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची निवड, आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. दुसरी, फेडरेशनची मान्यता असलेल्या अकॅडमीतून किंवा व्यावसायिक क्लबच्या मुलांच्या संघातून युथ लीग. शाळेकडून सुब्रतो कप ही तिसरी म्हणता येईल. आजकाल कॅम्पमधली बरीचशी पोरं दुसऱ्या वाटेने आलेली असतात. तेव्हा अकॅडमीला विचारायचा प्रश्न हा: गेल्या तीन वर्षांत तुमचा संघ फेडरेशनच्या युथ लीगमध्ये खेळला का? किती सामने? आणि फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत माझ्या मुलाचं नाव कुणाच्या क्लबखाली घालणार? या तिन्हीची सरळ उत्तरं मिळाली तर बोलणं पुढे न्या.

पण खरं सांगायचं तर या स्पर्धेत मुलाच्या पायापेक्षा आधी त्याची जन्मतारीख खेळते. हे पालकांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मी जरा पसरून लिहितो.

अंडर-17 वर्ल्ड कपची ही स्पर्धा 1985 मध्ये चीनमध्ये सुरू झाली. तेव्हा ती 16 वर्षांखालची होती. नायजेरियाने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला हरवलं. 1991 मध्ये इटलीत भरली तेव्हा मर्यादा 17 झाली. दर दोन वर्षांनी, विषम सालात, हा क्रम मग पुढे चालू राहिला. मधला 2021 चा वर्ल्ड कप कोरोनाने गेला. नियम साधा: 2017 च्या स्पर्धेसाठी मुलगा 1 जानेवारी 2000 ला किंवा त्यानंतर जन्मलेला हवा. आता याचा हिशेब मांडून बघा. 2000 साली जन्मलेला मुलगा 2017 मध्ये आपल्या पूर्ण वयाचा, सतरा वर्षांचा, खेळणार. 2001 साली जन्मलेल्याचं काय? 2017 मध्ये तो सोळाचा, समोरच्यापेक्षा वर्षाने लहान. 2019 ला त्याला घेता येत नाही, कारण तेव्हाची मर्यादा 1 जानेवारी 2002. म्हणजे विषम सालात जन्मलेल्या पोराला आयुष्यात एकच संधी, आणि तीही वर्षभर मोठ्या पोरांत. जपानचा ताकेफुसा कुबो 2001 चा. तो 2017 ला भारतात येऊन खेळून गेला. आपला जीक्सन सिंगही 2001 चाच. पण असे थोडे. बाकी असंख्य पोरं केवळ आईबापांनी सम-विषम बघून लग्न केलं नाही म्हणून सुटली.

2025 पासून हे बदललं. स्पर्धा दरवर्षी होते, 2029 पर्यंत कतारमध्येच, आणि संघ 24 वरून 48 झाले. पहिल्या वर्षी पोर्तुगालने ऑस्ट्रियाला 1-0 हरवून कप नेला. 48 संघांवर जुन्या लोकांनी नाकं मुरडली. मोरोक्कोने न्यू कॅलेडोनियावर 16 गोल मारले तेव्हा तर जास्तच. मला मात्र हा बदल पटतो. आता प्रत्येक सालच्या पोरांना स्वतःचा वर्ल्ड कप आहे.

तुमच्या मुलाचं साल 2012. त्याचा वर्ल्ड कप 2029 चा. सध्याची पद्धत राहिली तर त्यासाठीची आशियाई पात्रता फेरी 2028 च्या अखेरीस येईल. आज सातवीत असलेला मुलगा तेव्हा दहावीत असेल. हे आत्ताच घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. मी कितीतरी घरांत बघितलंय: आठवीपर्यंत वडील सायकलवरून ग्राउंडला सोडतात आणि नववीच्या दिवाळीत क्लासची फी भरली की बूट माळ्यावर जातात.

आणि त्याचा महिना नोव्हेंबर. हे त्याला आजवर जड गेलं असणार. 1 जानेवारीची मर्यादा असली की जानेवारीतला मुलगा आणि नोव्हेंबरमधला मुलगा कागदावर एकाच वयाचे, पण तेरा-चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि खांद्यांत फरक. जगभरातल्या मुलांच्या राष्ट्रीय संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतली कमी, हे वर्षानुवर्षं दिसत आलंय. जानेवारीच्या पोरांत उपजत फुटबॉल जास्त असतो असं थोडंच आहे? निवडणाऱ्याचा डोळा उंच पोरावर आधी जातो, बस्स.

माझाही गेला होता. कोल्हापुरात एका वर्षी चौदा वर्षांखालच्या संघासाठी शेवटची एक जागा उरली होती. दोन पोरं. एक धिप्पाड, मिसरूड फुटलेला, धावला की समोरचे बाजूला व्हायचे. दुसरा किडकिडीत, पण चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून बघायचा. मी पहिल्याला घेतलं. त्या वर्षी त्याने गोलही भरपूर केले. दोन वर्षांत बाकीची पोरं त्याच्या उंचीला आली आणि मग कळलं की त्याला ताकदीशिवाय काही येतच नव्हतं. आजवर त्याला शिकायची गरजच पडली नव्हती ना. किडकिडीत पोरगा एव्हाना खेळ सोडून गेला होता. आता बँकेत आहे. रविवारी पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर उतरतो, आणि अजूनही मान वळवून बघतो. मला भेटला की नमस्कार करतो. मला तो नमस्कार लागतो.

त्यामुळे तुमचा बारीक मुलगा मला काळजीचा वाटत नाही. 2015 च्या वर्ल्ड कपमध्ये चिलीत सर्वाधिक दहा गोल केले ते नायजेरियाच्या व्हिक्टर ओसिमेनने. त्याची जन्मतारीख 29 डिसेंबर 1998. मर्यादा होती 1 जानेवारी 1998. म्हणजे तो जवळजवळ वर्षाच्या शेपटाला.

आता जन्मतारखेची दुसरी बाजू, जी बोलायला अवघड आहे. आपल्याकडे मागच्या पिढीत किती लोकांचा वाढदिवस 1 जूनला असतो, कधी मोजलंय? माझ्या वडिलांचा 1 जून, दोन्ही काकांचाही 1 जून. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी अंदाजाने तारीख टाकायचे. त्यात लबाडी नव्हती, नोंदच नसायची. पण तारीख ही लिहिण्याची गोष्ट आहे, हे आपल्या अंगवळणी पडलं ते तिथून. पुढे स्पर्धा आल्या, नोकरीत खेळाडूंचा कोटा आला, आणि काही लोकांनी ती सवय कामाला लावली. मी एकदा आंतरशालेय स्पर्धेत पोरं घेऊन गेलो होतो. समोरच्या संघातले तिघे मैदानामागच्या नळावर दाढी करत होते. सामन्याच्या सकाळी! आम्ही सहा गोल खाल्ले. तक्रार केली तर आयोजक म्हणाले, "सर, दाखले बरोबर आहेत." दाखले बरोबरच होते, दाढी चुकीची होती.

हा आजार आपल्यापुरता नाही. नायजेरियाच्या खेळाडूंच्या वेगवेगळ्या स्पर्धांतल्या जन्मतारखा जुळेनात, तेव्हा फिफाने 1989 मध्ये त्यांना मुलांच्या स्पर्धांतून दोन वर्षं बाहेर ठेवलं. 2009 पासून या वर्ल्ड कपमध्ये मनगटाचा एमआरआय काढतात. कल्पना साधी आहे. कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याच्या बाजूला जे हाड येतं, त्याच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. वाढ पूर्ण झाली की ती हाडाशी एकजीव होते. सतराच्या आत ती पूर्ण जुळलेली सापडणं फार दुर्मिळ. पूर्ण जुळलेली दिसली की मुलगा बाद. 2023 च्या जानेवारीत कॅमेरूनने आपल्याच अंडर-17 संघाची अशी तपासणी करवली, तर 30 पैकी 21 पोरं बाद निघाली. आपल्याकडेही हाडांची तपासणी होते. एक्स-रे काढून टीडब्ल्यू-3 नावाच्या पद्धतीने वय ठरवतात. एक्स-रेच्या या पद्धतीत थोडी खालीवर होते. खऱ्या वयाची एखाददुसरी पोरंही लवकर वाढीला लागल्यामुळे अडकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या मुलाची समजूत घालणं फार वाईट असतं. तरीही तपासणी हवी. तुमच्या मुलाला ती मदतच करते, कारण त्याचं हाड त्याच्या बाजूने साक्ष देईल.

कुणी "तारीख थोडी मागेपुढे करून देतो" म्हणालं तर? नाही. नैतिकता राहू द्या बाजूला, हिशेब बघा. लहान पोरांत खेळणारा मोठा पोरगा माझ्या त्या धिप्पाड मुलासारखाच होतो. काहीही न शिकता जिंकत राहतो.

आता 2017 चं. तुम्ही विचारलंय की पुढे काय होतं, तर तीच बॅच आपल्याला जवळून बघायला मिळाली.

वर्ल्ड कप भारतात होता: दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगावचं फातोर्डा आणि आपलं नवी मुंबईचं डी. वाय. पाटील. एकूण साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले, या स्पर्धेत तोवर एवढे कुठेच आले नव्हते. भारत यजमान म्हणून थेट खेळला. अमेरिकेशी 0-3, कोलंबियाशी 1-2, घानाशी 0-4. आकडे बघून लोक हसले. कोलंबियाचा सामना मात्र हसण्यासारखा नव्हता. पहिल्या डावाच्या शेवटी आपल्या राहुलचा फटका खांबाला लागला. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सनने डोकं लावलं आणि 1-1. वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. आपण ओरडत होतो, पोरं मैदानावर मिठ्या मारत होती, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा मारला. मी त्या एका मिनिटाचं चित्रण प्रत्येक नव्या बॅचला दाखवतो. गोल केल्यावर कुठे उभं राहायचं, हे शिकवायला त्याच्याइतका चांगला धडा नाही.

त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही होता. आणि निवडीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संघ दोन वर्षांहून जास्त काळ तयार होत होता, परदेश दौरे झाले, मध्ये प्रशिक्षकही बदलला. जर्मनीचे निकोलाय अॅडम गेले, पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. तेव्हा गोव्यातल्या एका सराव सामन्यात पंजाबच्या मिनर्व्हा अकॅडमीच्या पोरांनी या तयार संघालाच हरवलं. मातोसनी त्यांतली काही पोरं उचलली. जीक्सन त्यांतलाच, बचावातला अन्वर अलीही त्यांतलाच. वर्ल्ड कपला थोडे महिने उरले असताना! तेव्हा चौदाव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून कुणी रडत आला की मी हेच सांगतो.

25 ऑक्टोबरला मी पोरांना एसटीने नवी मुंबईला नेलं. उपांत्य सामना, स्पेन विरुद्ध माली. पोरांना एकच काम दिलं होतं: चेंडूकडे बघायचं नाही, एक खेळाडू निवडायचा आणि दहा मिनिटं फक्त त्यालाच बघायचं. दहा मिनिटांनी एक पोरगं म्हणालं, "सर, हा चेंडू नसताना सारखा इकडेतिकडे बघतोय, काहीतरी हरवलंय जणू." मला एसटीचे पैसे तिथेच वसूल झाले. मालीची पोरं अंगाने दणकट, पळायला भारी. स्पेनची पोरं त्यांच्याशी पळण्यात स्पर्धा करायला गेलीच नाहीत. चेंडू यायच्या आधीच पुढचा पास ठरलेला असायचा. मालीच्या शेख दुकुरेचा एक फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडला, गोल दिला नाही, आमच्या स्टँडमध्ये बोंबाबोंब झाली. स्पेन 3-1 जिंकलं.

अंतिम सामना कोलकात्यात 28 ऑक्टोबरला. स्पेन दोन गोलांनी पुढे आणि शेवटी इंग्लंड 5-2. फिल फोडेनचे दोन गोल. तो किती लहानखुरा दिसत होता आठवतंय? स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. रियान ब्रूस्टरने स्पर्धेत आठ गोल केले, उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा लागोपाठ दोन सामन्यांत हॅटट्रिक. पण हाच इंग्लंडचा संघ जपानविरुद्ध 0-0 वर अडकला होता आणि पेनल्टींवर सुटला. या स्पर्धेत जादा वेळ नव्हता, थेट पेनल्टी. एखाद्या मुलाचा फटका खांबाला लागला असता तर "इंग्लंडचा सुवर्णकाळ" वगैरे लेख लिहिलेच गेले नसते.

म्हणून कपावरून देशाचा फुटबॉल मोजू नका. नायजेरियाने हा कप पाच वेळा जिंकलाय, मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये ते शेवटच्या सोळांच्या पुढे कधी गेले नाहीत. माली 2015 ला अंतिम फेरीत होतं, मोठ्यांच्या वर्ल्ड कपला अजून पोचलेलं नाही. अर्जेंटिनाने मोठ्यांचा वर्ल्ड कप तीनदा नेला, मुलांचा एकदाही नाही. मेस्सी ही स्पर्धा खेळलाच नाही, एम्बाप्पेही नाही. 2009 ला नेमार खेळला, तर त्याचं ब्राझील गटातच गारद झालं.

मुलांचं पुढे काय होतं ते इंग्लंडच्या त्याच संघात बघा. फोडेन मँचेस्टर सिटीचा आणि इंग्लंडचा मोठा खेळाडू झाला. मार्क गेही, कॉनर गॅलाघर मोठ्यांच्या इंग्लंड संघात पोचले. जेडन सांचो तर गटाचे सामने संपल्यावर परतच गेला, त्याच्या डॉर्टमुंड क्लबने बोलावून घेतलं, कारण या स्पर्धेला खेळाडू सोडणं क्लबला बंधनकारक नसतं. ब्राझीलच्या व्हिनिसियसलाही त्याच्या फ्लामेंगो क्लबने सोडलं नव्हतं. आणि आठ गोल मारणारा ब्रूस्टर? काही महिन्यांत घोट्याची मोठी दुखापत, बराच काळ बाहेर, मग या क्लबकडून त्या क्लबकडे. चांगला व्यावसायिक खेळाडू झाला, पण 2017 च्या ऑक्टोबरमध्ये लोक ज्याला सर्वांत पुढे धरत होते तो हाच.

आपली बॅच फेडरेशनने इंडियन अॅरोज नावाने एकत्र ठेवून आय-लीग या मोठ्यांच्या लीगमध्ये खेळवली. ती कल्पना मला तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. हरले खूप, पण दर आठवड्याला पुरुषांशी खेळले. जीक्सन, सुरेश वांगजम, अमरजित मोठ्यांच्या भारतीय संघात आले. अन्वर अलीच्या हृदयात दोष निघाला, खेळ थांबवायची पाळी आली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. तो परतला आणि भारताचा मुख्य बचावपटू झाला. काही जण क्लबांच्या बाकावर राहिले, काही नावं तुम्हाला आता आठवणारही नाहीत. 21 जणांच्या संघातून चार-पाच जण वर टिकले तर ती बॅच चांगली म्हणायची, आणि हे जगात कुठेही.

2018 चंही सांगतो, कारण ते लोक विसरलेत. त्या वर्षी आपली सोळा वर्षांखालची पोरं मलेशियात आशियाई स्पर्धेला गेली. प्रशिक्षक हेच बिबियानो. व्हिएतनामला हरवलं, इराणला आणि इंडोनेशियाला बरोबरीत रोखलं, गटात एकही गोल खाल्ला नाही. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरिया. जिंकले असते तर 2019 च्या वर्ल्ड कपचं तिकीट, आणि यजमान म्हणून मिळालेलं नव्हे, मैदानावर कमावलेलं. 0-1 हरलो. कीपर नीरज कुमारने त्या दिवशी काय काय अडवलं! माझ्या लेखी 2017 पेक्षा ती बॅच मोठी, पण तिचे सामने बघायला कोण बसलं होतं?

मुलगी असती तर काय सांगितलं असतं, असंही तुमच्या मनात येईल, म्हणून थोडक्यात: तोच रस्ता, गर्दी कमी. 2022 चा मुलींचा अंडर-17 वर्ल्ड कपही भारतातच झाला. अंतिम सामना डी. वाय. पाटीलवर, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. आपण तिन्ही सामने मोठ्या फरकाने हरलो. तालुक्याच्या ठिकाणी मुलींना खेळायला सामनेच मिळत नाहीत, तो वेगळाच विषय आहे.

तर आता तुमच्या मुलाचं. पुढची दोन वर्षं मी काय केलं असतं? आधी सामने मोजले असते. वर्षाला निदान तीस खरे सामने, आपल्याच वयात आणि कधीमधी वर्षभर मोठ्यांत. रोज दोन तास प्लास्टिकच्या शंकूंभोवती पळून एकही सामना न खेळणारी पोरं मी खूप बघतो. डावा पाय: विंगर आहे, तर भिंतीवर रोज डाव्याने पन्नास पास. पासेस मोजायला धाकट्या भावंडाला बसवा. मान वळवून बघण्याचं वर सांगितलंच. व्यायामशाळा पंधरापर्यंत नको, उंचीच्या गोळ्या कधीच नको. शाळा आणि ग्राउंड यांत दीड तासाचा प्रवास असेल तर "नामांकित" अकॅडमी सोडून जवळचं साधं ग्राउंड धरा. झोप मोडून कुणी वाढत नाही. राहून शिकायचं असेल तर बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीसारख्या सरकारी सोयी आणि मोठ्या क्लबांच्या निवासी अकॅडमी आहेत, तिथे निवड झाली तर खर्च फारसा नसतो. त्यांच्या चाचण्यांच्या तारखा आधी बघून ठेवा.

आणि चाचणीला जाताना मूळ जन्मदाखला न्या, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, जन्माच्या वेळीच नोंदवलेला. शाळेच्या बोनाफाईडवर भागत नाही. बूट जुनेच घाला. नवे बूट घालून आलेल्या पोराची निम्मी चाचणी टाच चोळण्यात जाते.